वाचून दाखवल्याशिवाय

आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही, ते आधीच सांगून टाकतो. नंतर धीर होणार नाही. एका दुपारी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून मी फोनवरच्या एका सभ्य माणसाला म्हणालो, "हो, माझंच आहे ते." ते माझं नव्हतं. ज्यांचं होतं त्यांनीच त्या माणसाला माझा नंबर दिला होता, "त्याला विचारा, तो सांगेल" असं म्हणून.

ते म्हणजे सर. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्याला कारण आहे आणि ते पुढे येईल. कर्जतच्या बाजारात सगळे त्यांना सरच म्हणत. त्यांच्या बायको, म्हणजे आमच्या वहिनी, चिडल्या की त्याही "अहो सर!" अशी हाक मारत, आणि त्या बहुतेक वेळा चिडलेल्या असत.

सर कर्जतच्या जुन्या घराण्यातले. थोरला भाऊ वकील, धाकटा डॉक्टर, हे मधले. नातेवाइकांत त्यांची ओळख 'मधला' एवढीच होती, आणि ती करून देताना सांगणारा थोडा खाली बघायचा. त्यांनी शाळेतली गणिताची नोकरी सोडून कॉम्प्युटर क्लास काढला होता, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर. खाली गिरणी सुरू झाली की वर मॉनिटर थरथरायचे आणि पोरं "भूकंप, भूकंप" म्हणून बाकाखाली शिरायची. जिन्यातून पिठाचा धुरळा वर यायचा आणि कीबोर्डच्या फटींत जाऊन बसायचा. त्यावर सरांनी उपाय काढला होता तो दाढीच्या ब्रशांचा. दर कॉम्प्युटरला एक ब्रश. चपला बाहेर, ब्रश हातात, आधी कीबोर्ड झाडायचा, मग बसायचं.

एकदा एका मुलीचे वडील चौकशीला आले. दारात उभे राहून म्हणाले, "सर, क्लास कॉम्प्युटरचा आहे की हजामतीचा?"

"आधी हजामतीचा," सर म्हणाले, "कॉम्प्युटर नंतर. या ना, बसा, तुम्हालाही एक ब्रश देतो."

मी खालापूरकडचा. तिशीत असताना सरांच्या क्लासात शिकवायला लागलो. मला वाटायचं इथे आपण चार-सहा महिने काढू. निघालो तेव्हा कितीतरी पावसाळे होऊन गेले होते.

प्रोग्राम लिहिणं हे सरांचं व्यसन होतं. ते कुणासाठीही लिहीत. गिरणीवाल्यासाठी, कुणाचं दळण कधी तयार होईल ते सांगणारा. भजनी मंडळासाठी, पहिला शब्द टाकला की अभंग शोधून देणारा. समोरच्यानं मागितला आहे का, हा प्रश्न त्यांना पडत नसे. गिरणीवाल्यानं तो प्रोग्राम एकदाही वापरला नाही. "सर, मला बायांचे आवाज ऐकूनच कळतं कोणाचं दळण राहिलंय ते," असं तो म्हणाला, आणि सरांनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवलं. कुठे, ते आता सांगतो.

हे सगळे प्रोग्राम ते नेटवर सगळ्यांना खुले ठेवत. प्रत्येकाचा एक रेपो. "रेपो म्हणजे कोडचं कपाट," असं ते पोरांना समजावत. "पण नुसतं कपाट नाही. कुठला कपडा कोणी घडी केला, कोणी विस्कटला, कधी आणि कशाला, तेही कपाट लक्षात ठेवतं." हे कपाट लावायला त्यांना मी शिकवलं. मुद्दाम सांगतो, कारण या सगळ्या गोष्टीत माझा खरा वाटा तेवढाच आहे.

आणि ही कपाटं लोकांना दाखवण्यासाठी त्यांनी एक वेबसाइट केली होती. पांढरं पान, काळी अक्षरं, निळ्या लिंका. एकही चित्र नाही. ती त्यांनी दोन बोटांनी, एकेक खूण हातानं टाइप करून बनवली होती. मी त्यांना म्हणायचो, सर, आता तयार साधनं मिळतात, मागे डेटाबेस लावू, लोकांना लॉगिन देऊ, छान हलतं काहीतरी करू. सर ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "पाहुणा दारात आल्यावर आत जाऊन तांदूळ निवडायला बसणारी साइट मला नको. माझं ताट वाढलेलं असतं. आला, दिसलं, जेवला, गेला. मी घरात नसलो तरी जेवेल." स्टॅटिक वेबसाइट म्हणजे काय, हे मला पुढे मोठमोठ्या लोकांनी समजावलं; इतकं नीट कुणी नाही.

हलणाऱ्या पानांचा तर त्यांना रागच होता. माझी आवडती एक साइट मी त्यांना दाखवली, तर ते पडद्यासमोर हात हलवायला लागले.

"काय करताय सर?"

"माशी हाकलतोय."

वेबसाइटची छापील प्रत ते खिशात बाळगत. खरंच. दर वेळी काही बदललं की पान छापायचं, चार घड्या घालायच्या आणि शर्टाच्या वरच्या खिशात. व्हिजिटिंग कार्डाऐवजी हे. एकदा एसटी स्टँडवर भिवपुरीच्या वीज केंद्राच्या वसाहतीत राहणारे एक इंजिनीअर भेटले. ओळख झाली, सरांनी खिशात हात घातला.

"ही माझी वेबसाइट."

ते गृहस्थ घड्या उलगडत म्हणाले, "कागदावर?"

"रेंज नाही म्हणून पाहुण्याला परत पाठवू?"

त्यांनी वाचलं. मग छापलेल्या एका लिंकेवर बोट ठेवून ते हसत म्हणाले, "आणि इथे क्लिक कसं करायचं?"

सरांनी शांतपणे त्यांच्या हातातला कागद उलटा केला. मागच्या बाजूला त्याच प्रोग्रामची माहिती छापलेली होती. "हं," सर म्हणाले, "झालं क्लिक."

पानावर तीन भाग होते: फसलेलं, अर्धवट, जमलेलं. याच क्रमानं. फसलेलं सगळ्यात वर आणि सगळ्यात मोठं. गिरणीवाल्याचा प्रोग्राम तिथे पहिला होता आणि त्याखाली त्याचं ते वाक्य. मी वाद घालायचो. "सर, जगात कोणी आपली फजिती पहिल्या पानावर लावत नाही. लोक चांगलं ते दाखवतात."

"गाळ्यात गिऱ्हाईक आलं की आधी फुटकी कपबशी दाखवावी. मग चांगली घेताना तो ती उलटीसुलटी करून बघत बसत नाही."

"आणि फुटकी बघूनच गेला तर?"

"तर तो कपबशी घ्यायला आलाच नव्हता."

पण त्यांचा खरा हट्ट वेगळाच होता. प्रत्येक प्रोग्रामच्या माहितीत शेवटी एक ओळ असे: 'कोणाचा हात'. तिथे सगळ्यांची नावं. कल्पना कुणाची, चूक कुणी दाखवली, वापरून कुणी बघितलं, कंटाळून कुणी सोडून दिलं. वहिनींचं नाव तर जवळजवळ प्रत्येक ठिकाणी होतं, कारण पडद्यावरचं शुद्धलेखन त्या चहा ठेवता ठेवता तपासायच्या. आणि नियम असा, की ज्याचं नाव आहे त्याला ती ओळ वाचून दाखवल्याशिवाय पान चढवायचं नाही. फोनवर कळवून नाही, मेसेज करून नाही. समोर बसून, मोठ्यानं वाचायचं आणि त्यानं मान डोलावली की मगच.

"आपण ज्याचं नाव लिहितो त्याला ते ऐकू तरी जावं," असं ते म्हणायचे. "नाव त्याचं आहे रे. आपण नुसतं वापरतोय."

या नियमापायी त्यांची पानं महिनोन् महिने अडकून पडत. आणि याच नियमाचा मी फायदा घेतला.

तो प्रोग्राम पाणीपाळीचा होता. भिवपुरीच्या केंद्रात वीज करून झाली की पाणी खाली सुटतं आणि कालव्यानं गावोगाव जातं. त्यावर लोक उन्हाळी भात काढतात. कुणाच्या शेताला कधी पाणी, यावरून दर वर्षी भांडणं. एका गावातल्या लोकांनी सरांना घोळात घेतलं, म्हणाले तुमी कॉम्प्युटरवाले, तुमीच पाळ्या लावून द्या, म्हणजे आमच्यातला कोणी वाईट व्हायला नको. सरांनी प्रोग्राम लिहिला. सोमवारी कालव्याच्या तोंडाकडून सुरुवात, मग क्रमानं खाली, शेपटाला शेवट. सोपं, सरळ.

पहिल्याच महिन्यात शेपटाकडच्या एक बाई क्लासचा जिना चढून आल्या. मीही तिथेच होतो. चपला बाहेर काढायला सांगितलं तर म्हणाल्या, "चपला काढते, पन आधी भांडू द्या."

"बोला मावशी."

"तुमच्या कॉम्पुटरला पन आमचंच शेत शेवटाला दिसलं काय वो सर?"

"शेवट कुणाचा तरी येणारच ना."

"येनार. पन दर टायमाला आमचाच? आन त्यो पन आयतवारी? आयतवारी तुमच्या त्या कालव्यात बेडकं पन पवत नाय, चालत जातात!"

सगळी पोरं हसली. सर हसले नाहीत. ते खुर्चीत मागे रेलून छताकडे बघत राहिले आणि मग मला म्हणाले, "आयतवार. कारखाने बंद. वीज कमी लागते, पाणी कमी सुटतं. आणि आपण आठवडा सोमवारी सुरू केला, म्हणजे शेपटाच्या नशिबात कायमचा रविवार लिहिला. तो आपण लिहिला, तिच्या नशिबानं नाही." त्याच बैठकीत त्यांनी क्रम फिरता केला. दर आठवड्याला सगळ्यांची पाळी एकेक घर पुढे सरकेल आणि रविवार वाटून घेतला जाईल. बदल कपाटात ठेवताना सोबत एक ओळ लिहायची असते. ती त्यांनी लिहिली, 'रविवार सगळ्यांचा. बाई बरोबर भांडल्या.'

तो प्रोग्राम चालला. गावात भांडणं थांबली असं म्हणणार नाही, पण पाण्यावरून थांबली. शेजारच्या गावांनीही तो मागून नेला. सर त्यांच्या जुन्या स्कूटरवरून गावोगाव ओळी वाचून दाखवत फिरायला लागले. एकदा मी मागे बसून त्या बाईंच्या घरी गेलो होतो. सरांनी ओटीवर बसून कागद उघडला आणि त्यांचं नाव घेऊन वाचलं, "...यांनी तक्रार केली."

"तक्रार?" बाई म्हणाल्या. "तक्रार नाय केली मी. भांडले. तसंच ल्हिवा."

सरांनी खोडलं, लिहिलं, पुन्हा वाचलं. "...या भांडल्या."

"आता बरं हाय. आन माझी सून पन भांडली घरात. मला तिनंच धाडली तुमच्याकं. तिचं नाव घाला."

"बोलवा तिला. वाचून दाखवतो."

"ती म्हायेरी गेलीय. दिवस भरलेत."

"मग आल्यावर येतो," सर म्हणाले आणि कागदाची घडी करून खिशात घातला.

परत येताना मी वैतागलो होतो. "सर, त्या सुनेसाठी आता पान दोन-तीन महिने थांबणार?"

"थांबेल. पान कुठे पळून जातंय?"

पान कुठे जात नव्हतं, पण मी जायच्या तयारीत होतो. माझ्याही घरात दिवस भरत आले होते. क्लासात मुलं कमी व्हायला लागली होती. मी नव्या मुंबईकडे मुलाखती देत होतो आणि जिथे तिथे एकच प्रश्न होता, तुमचं काम कुठे बघायला मिळेल? माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. मी शिकवत होतो. शिकवलेलं कुठे दिसतं?

एका संध्याकाळी मी माझी वेबसाइट केली. तसलीच, माशी फिरणारी. आणि तिच्यावर पहिलं काम म्हणून पाणीपाळी ठेवली. सरांच्या कपाटातला कोड उचलला, त्यांच्या बदलांचा सगळा माग मागेच टाकून दिला आणि नव्या कपाटात ठेवला. नव्या कपाटात एकच नोंद, 'पहिली आवृत्ती', आणि पुढे माझं नाव. 'कोणाचा हात' ही ओळ खोडायला मला फार वेळ लागला नाही. खोडताना मनाशी म्हटलं, नोकरी लागली की परत घालू. हे वाक्य मला अजून आठवतं, कारण ते मी अगदी खरेपणानं म्हटलं होतं.

मुलाखतीत एका तरुण बाईंनी ते पान उघडलं. "हे पाळी फिरवण्याचं लॉजिक सुरेख आहे. कसं सुचलं?"

मी म्हणालो, "फील्डवर जाऊन अभ्यास केला."

नोकरी लागली. सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी उठून एक नवा कोरा दाढीचा ब्रश आणून दिला. "तिकडे गिरणी नसेल. पण धूळ सगळीकडे असते रे." तो ब्रश अजून माझ्या टेबलावर आहे. ऑफिसातले लोक विचारतात तेव्हा मी काहीतरी गंमत सांगून वेळ मारून नेतो.

त्या उन्हाळ्यानंतर सरांचे मला फोन यायला लागले. त्यांचं नाव पडद्यावर दिसलं की मी फोन उलटा करून ठेवायचो. वाटायचं, कळलं. मी उचलले नाहीत. एकही उचलला नाही. मग ते थांबले आणि थोड्याच दिवसांनी पाणीपाळीचं पान त्यांच्या साइटवर चढलं. सून माहेरून परत आली असणार. माझं पान तोवर कितीतरी महिने आधीचं झालं होतं.

पुढचं मला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. गिरणीची इमारत पाडायची ठरली होती. सरांना क्लास बंद करावा लागणार होता. खालापूर तालुक्यातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळायची जागा निघाली आणि सरांनी आयुष्यात दुसऱ्यांदा कुणाकडे नोकरी मागितली. शर्टाला वहिनींनी इस्त्री केली होती. खिशात घड्या घातलेलं पान. निवड करणाऱ्यांना ते पान आवडलं, पाणीपाळी तर फारच. त्यांनी ती नेटवर शोधली, तर आधी सापडली ती माझी. सरांच्या पानाच्या आधीच्या तारखेची, माझ्या नावाची. त्यांनी सरांना विचारलं, हे काय आहे?

सरांनी कपाट उघडून दाखवायला हवं होतं. त्यात सगळा माग होता, एकेक दिवसाचा. त्याऐवजी ते म्हणाले, "तो माझ्याच क्लासातला आहे. त्याला विचारा, तो सांगेल."

आणि मी सांगितलं. फोनवरचा माणूस सभ्य होता. "तुमचं नाव सरांनीच दिलं," तो म्हणाला. "फक्त एवढंच विचारायचं आहे, हे मूळ काम तुमचं की त्यांचं?" मागे ऑफिसचे लोक जेवून परत येत होते. ज्या साहेबांनी मला घेतलं होतं ते माझ्या खांद्यावर हात ठेवून पुढे गेले. मी म्हणालो, "हो, माझंच आहे ते." तो म्हणाला, "धन्यवाद, तसंच वाटलं होतं." त्याच्या आवाजात सरांबद्दलची जी निराशा होती, ती मी ऐकली. त्यानंतरही मी परत फोन करू शकत होतो. नंबर होता माझ्याकडे.

वर्षभरानं कर्जतला भाजी बाजारात वहिनी भेटल्या. मला वाटलं तोंड फिरवतील. त्यांनी माझ्या पिशवीत डोकावून बघितलं.

"ही भेंडी कुणी दिली तुला? निबर आहे. बदलून घे."

मी बदलून घेतली. मग त्या जरा बाजूला थांबल्या. "मी यांना म्हटलं, तुमच्याकडे सगळं लिहिलेलं आहे, नेऊन दाखवा त्या कॉलेजवाल्यांना. तर म्हणाले, मी एकदा म्हटलं ना त्याला विचारा. आता त्याचं उत्तर आवडलं नाही म्हणून कपाट उघडू?" त्यांनी पदर नीट केला. "तू असं का बोललास ते मी विचारत नाहीये. यांनी विचारायचं नाही असं बजावलंय. पण तू एकदा त्यांचं पान बघ."

त्यानंतर त्या कांदे-बटाट्यांकडे वळल्या. 'अहो सर' म्हणणारा तो आवाज मला मागून ऐकू येत राहिला, भाजीवाल्याशी घासाघीस करताना.

पान मी घरी न बघता ऑफिसात बघितलं. घरी बघायची हिंमत नव्हती. पाणीपाळी 'जमलेलं'मध्ये नव्हती. ती 'फसलेलं'मध्ये होती, गिरणीवाल्याच्याही वर, सगळ्यात पहिली. खाली लिहिलं होतं:

'प्रोग्राम चालतो. तरी फसला. ज्याचा हात होता अशा एका माणसाला त्याची ओळ वाचून दाखवता आली नाही आणि मी घाईनं पान चढवलं. त्याचा वाटा मी कमी लिहिला असणार, म्हणून तो दुखावला. चूक माझी.'

आणि 'कोणाचा हात'मध्ये, बाई, सून, वहिनी आणि गावकऱ्यांच्या नावांनंतर, माझं नाव: 'कपाट लावायला शिकवलं. चुका शोधल्या. स्कूटरवर मागे बसला.'

म्हणजे ते फोन ती ओळ वाचून दाखवण्यासाठी होते.

मी कितीदा तरी विचार केला आहे की त्यांना खरंच तसं वाटत होतं का. इतका साधा माणूस असतो का? गणिताचा मास्तर होता, हिशेब त्यांना कळत नव्हता असं नाही. पुष्कळ विचार करून मी या निष्कर्षावर आलो आहे की त्यांना दोन्ही माहीत होतं. मी खोटं बोललो हेही आणि आपण नियम मोडला हेही. त्यातली दुसरी गोष्ट त्यांच्या पानावर लिहिण्यासारखी होती, कारण ती त्यांची होती. पहिली माझी होती. ती लिहिणं माझ्याकडे ठेवलं त्यांनी.

ते पान आजही तसंच आहे. गिरणी पाडली, क्लास गेला, सरांनी टाइप करणं सोडून बरीच वर्षं झाली. माझी ती माशीवाली साइट मात्र कधीच मोडून पडली. मागचं काहीतरी बदललं, आणि मग उघडेचना. त्यांची उघडते. ताट वाढून ठेवलेलं आहे.

गेल्या महिन्यात मी माझं जुनं कपाट काढलं. सरांच्या मूळ कपाटाची प्रत माझ्याकडे एका जुन्या डिस्कवर होती. ती पूर्ण चढवली, त्यांच्या सगळ्या नोंदींसकट. 'आज वहिनींनी चूक पकडली.' 'रविवार सगळ्यांचा. बाई बरोबर भांडल्या.' 'गिरणीमुळे टेबल हललं, चुकून एक ओळ पुसली गेली, परत लिहिली.' माझी 'पहिली आवृत्ती' काढून टाकली. वर मी एक परिच्छेद लिहिला आहे: हे काम कुणाचं, मी काय केलं, फोनवर काय म्हणालो, त्याचा परिणाम काय झाला. मग त्या कॉलेजात फोन केला. निवड करणाऱ्यांपैकी आता तिथे कुणी नाही. पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, ती पोस्ट कधीच भरली गेली."

तो परिच्छेद अजून लोकांना दिसत नाही. मी तो झाकून ठेवला आहे. त्यात सरांचं पूर्ण नाव आहे, आणि त्यांच्या नियमानं, वाचून दाखवल्याशिवाय ते चढवता येत नाही. या लेखात त्यांचं नाव नाही, तेही त्यामुळेच.

परवा वहिनींना फोन केला. एवढ्या वर्षांनी आवाज ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही.

"ये की. घरीच असतात ते. सकाळी झोपाळ्यावर बसतात."

"त्यांना काही वाचून दाखवायचं आहे, वहिनी."

त्या म्हणाल्या, "ऐकू कमी येतं हो त्यांना आता. मशीन लावत नाहीत, कानात माशी शिरल्यासारखं वाटतं म्हणे. फार मोठ्यानं वाचावं लागेल तुला. आमच्याकडे सगळं आधी शेजाऱ्यांना कळतं, मग यांना."

मी कागद छापून घेतला आहे. चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवला आहे. बायकोला अजून सांगितलेलं नाही. तिलाही सोबत नेणार आहे, तिनंही तिथेच ऐकावं.

त्यांच्या झोपाळ्यासमोर उभं राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, तो कागद शेवटपर्यंत वाचायचा आणि त्यांनी मान डोलावेपर्यंत थांबायचं, एवढं मी सरांचं देणं लागतो.